इथं डाळ शिजते

‘इथं तुझी डाळ शिजायची नाही’ हे मराठीत धमकावताना म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या काही गावांत मात्र ही साधी तक्रार होती आणि ती पाण्याबद्दल होती. माझं आजोळ संग्रामपूर तालुक्यात. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून आजी म्हणायची, “या पान्यात डाय शिजत नाई.” एखाद्या गावाबद्दल तिचं पहिलं मत तिथल्या पाण्यावरून ठरे, माणसांची पाळी मागाहून.

जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावरचे तालुके. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. घाटाखाली पूर्णा नदीचं खोरं आहे आणि त्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. हा पट्टा इथून पुढे अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरलेला आहे. वरची जमीन काळी, कसदार. खाली विहीर खणली तर पाणी खारट, मचूळ, कपड्याला साबण न लागणारं. या पाण्यापायी किडनीचे आजार झाल्याची ओरड संग्रामपूर आणि जळगाव जामोदकडे कित्येक वर्षं चालू आहे. त्या मानानं डाळ न शिजणं हे अगदीच किरकोळ दुखणं. पण ते रोजचं होतं आणि बायकांच्या वाट्याचं होतं.

डाळ न शिजण्यामागचं कारण असं. डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थानं एकमेकींना चिकटलेल्या असतात. गरम पाण्यात पेक्टिन विरघळलं की पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटांनी चिरडता येतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले तर ते पेक्टिनला धरून बसतात आणि ते विरघळू देत नाहीत. म्हणून जड पाण्यात डाळ तासभर रटरटली तरी दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच टाकला तर आंबटपणानं तेच होतं. आजीला पेक्टिन ठाऊक नव्हतं, पण ‘आधी शिजू द्या, मंग आंबट’ हा तिचा कायदा होता. न शिजणाऱ्या दाण्याला जुन्या मराठीत ‘गणंग’ असा नेमका शब्द आहे. पुढे तो माणसांनाच जास्त लावला गेला.

यावर उपाय होता तो पायपिटीचा. गावाबाहेर एखादी गोड्या पाण्याची विहीर असायची, तिथून दोन घागरी यायच्या. त्यातलं पाणी पिण्याला आणि डाळीला. भांडी, आंघोळ, जनावरं खाऱ्या पाण्यावर. रात्री डाळ भिजवायची, सकाळी चूल पेटली की पहिल्यांदा डाळीचा गंज चढवायचा. चुलीत पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची आणि तुरीची वाळलेली झाडं. तुरीची डाळ तुरीच्याच काड्यांवर शिजे. तुऱ्हाटी भडकन पेटते आणि लगेच विझते, म्हणून बाईला चुलीसमोरून उठता येत नसे.

या घरात कुकर आला तो मामीच्या आंदणात. पाच लिटरचा, अॅल्युमिनियमचा. आजीनं आठवडाभर त्याला हात लावला नाही.

कुकरचा मूळ शोध लावणाऱ्याचीही अडचण काहीशी आजीसारखीच होती. देनी पापँ हा फ्रेंच माणूस. त्यानं 1679 मध्ये लंडनला घट्ट झाकणाचं एक भांडं तयार केलं. वेळ वाचवणं त्याच्या मनात नव्हतं. वाया जाणारी हाडं मऊ करून त्यांतून काही खाण्याजोगं काढायचं होतं. भांडं फुटू नये म्हणून झाकणावर त्यानं वजनानं दाबून धरलेली झडप बसवली. 1682 मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्यानं या भांड्यात शिजवलेलं जेवणही घातलं. आपल्या कुकरवरची शिट्टी त्या झडपेच्याच वंशातली. भारतात दाबाच्या कुकरआधीही ‘कुकर’ होते. बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिकांनी 1910 च्या सुमाराला काढलेला इकमिक कुकर डब्यांच्या उतरंडीत निखाऱ्यावर सावकाश वाफवत असे, पण त्यात दाब नव्हता. दाबाचे कुकर इथं बनू लागले ते 1959 पासून. हॉकिन्स आणि प्रेस्टिज ही दोन्ही नावं त्याच वर्षाची, दोघांची सुरुवात इंग्रज कंपन्यांच्या सहकार्यानं झाली. हॉकिन्सचा एक कारखाना आपल्या ठाण्यात. एकाचं झाकण आतून बसतं आणि दुसऱ्याचं बाहेरून. यातलं बरं कोणतं यावर घराघरांत पक्ष आहेत. आतल्या झाकणाला वाफच वर दाबून धरते, म्हणून वाफ जिरल्याशिवाय ते निघत नाही. मी त्या पक्षाचा.

कुकर करतो ते एकच काम. उघड्या भांड्यात पाणी उकळलं की तापमान तिथंच थांबतं, खाली कितीही जाळ घाला. मलकापुरात ते 99 अंशांच्या आसपास असतं. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या घरात, तिथं अंशभर आणखी कमी. कुकरमध्ये वाफ कोंडते आणि दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असा जास्तीचा दाब चढतो. मग पाणी 120 अंशांच्या जवळ जाऊन उकळतं. त्या वीस अंशांपुढे क्षारांनी धरून ठेवलेलं पेक्टिनही सैल पडतं. लोक म्हणतात कुकरनं वेळ वाचवला. शहरात ते खरं असेल. खारपाणपट्ट्यात कुकरनं वाचवली ती घागर.

डब्यांची युक्ती तर त्याहून मोठी. खालच्या डब्यात डाळ, वरच्यात तांदूळ. डब्यांत जेमतेम लागेल तेवढंच गोडं पाणी घालायचं. कुकरच्या तळाशी जे पाणी ओतायचं त्याची फक्त वाफ होते, ते डाळीला शिवत नाही. ते बोअरचं चालतं. मामीनं हे ओळखलं आणि आजीचा विरोध तिथंच मावळला. तळाच्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा पिळलेल्या लिंबाची फोड टाकायची, म्हणजे अॅल्युमिनियम काळं पडत नाही. चुलीवर चढवायचा असेल तर बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, काजळी मातीवर धरते आणि घासायला सोपं जातं.

आता शिट्ट्यांचा हिशोब. ‘तीन शिट्ट्या काढ’ हे आपल्याकडचं माप आहे आणि ते मला कधीच पटलेलं नाही. पहिली शिट्टी म्हणजे दाब पुरा झाला, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर जाळ बारीक केला तर शिट्टी पाच मिनिटांनी होईल, मोठा ठेवला तर मिनिटाला एक. आतलं तापमान दोन्ही वेळा तेच. जास्तीची प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर गेलेली वाफ आणि वाया गेलेला गॅस. तुरीच्या डाळीला पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर दहा मिनिटं पुरतात. पाणी जड किंवा डाळ जुनी असेल तर पंधरा. मग गॅस बंद करायचा आणि कुकर आपोआप पडू द्यायचा. शिट्टी उचलून वाफ सोडणं किंवा कुकर नळाखाली धरणं हा उतावळेपणा आहे. उरलेल्या वाफेत डाळ मुरते, तो शिजण्याचाच भाग असतो.

डाळीचीही जात असते. पावसाळ्याच्या तोंडाला तूर सोयाबीन किंवा कपाशीच्या ओळींमध्ये पेरतात. ती शेतात सगळ्यांत शेवटपर्यंत उभी राहते, कापणीला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राचे ‘बीडीएन’ वाण घाटावर ओळखीचे आहेत. पूर्वी तूर घरीच भिजवून, लाल माती चोळून, उन्हात वाळवून जात्यावर भरडत. चुनी जनावरांना जाई. अशा डाळीच्या पाकळीला मधे खळगा पडतो. चवीला ती सरस, पण शिजायला कोरड्या पद्धतीनं केलेल्या डाळीपेक्षा वेळ घेते. म्हणजे पाणी जड आणि डाळही हट्टी. आता बरीच तूर खामगाव किंवा अकोल्याच्या दालमिलमध्ये जाते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेली ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ खेड्यांतही पोचली आहे. बाजारात ‘फटका’ डाळ चकचकीत असते. माझा कल गावरान डाळीकडे, तिचा रंग मंद असला तरी.

कुकरनं एक गोष्ट नेली, तीही सांगायला हवी. कोणत्या शेतातली तूर शिजाऊ आणि कोणत्या शेतातली नाही, हे आजीला दाणा दाताखाली धरून कळायचं. शेजारणी बियाणं मागताना तेच विचारत. कुकरला सगळी डाळ सारखी. ते ज्ञान आता कुणालाच लागत नाही, म्हणून ते कुणाकडेच उरलं नाही. त्या बदल्यात मामीला सकाळचा तासभर मिळाला. हा सौदा तोट्याचा होता असं मी म्हणणार नाही.

वरणाची कृती म्हणावी एवढी ती मोठी नाहीच. एक वाटी डाळ दोन-तीन पाण्यांनी धुवायची, अर्धा तास भिजवायची. अडीच ते तीन वाट्या पाणी, हळद, चिमूट हिंग आणि तेलाचे चार थेंब. तेल चवीसाठी नसतं, डाळीचा फेस दाबण्यासाठी असतं. कुकर पडला की डाळ पळीनं किंवा रवीनं चांगली घोटायची. हे घोटणं कुकर करून देत नाही, आणि न घोटलेलं वरण म्हणजे पिवळ्या पाण्यातले दाणे. मग मीठ, गुळाचा खडा. भातावर वाढून वर तूप घातलं की गोडं वरण झालं. फोडणीचं हवं तर तेलात मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, सुक्या लाल मिरच्या, कढीपत्ता; एखादं भेदरं चिरून, आणि वरून सांबार. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी खुलासा: वऱ्हाडात भेदरं म्हणजे टोमॅटो आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. घट्ट की पातळ हे ज्यानं त्यानं ठरवावं. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण याच भांडणातून आली असं सांगतात.

पंगतीला कुकर नसतो. मलकापूर-मोताळ्याकडे वरण-बट्टी असो, की मारुतीच्या पारावरचे वरण-रोडगे आणि वांग्याची भाजी असो, रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजले जातात आणि वरण मोठ्या गंजात, जमिनीत खणलेल्या चुलीवर. आमच्याकडे त्या दिवशी पाणी मुद्दाम बाहेरून आणलं जायचं. वान धरणावरच्या 140 गावांच्या योजनेनं जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या नळांना गोडं पाणी मिळू लागलं. नळाला पाणी नसेल त्या दिवशी मात्र जुनी सवय परत येते.

मामीचा कुकर एकदा उडाला. उडाला म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला आणि सगळी डाळ टिनाच्या छताला लागली. जवळ कुणी नव्हतं म्हणून निभावलं. दोष आमचाच. त्या दिवशी पाहुणे होते, म्हणून डबे काढून डाळ थेट कुकरात, गळ्यापर्यंत भरली होती. शिट्टीखालच्या नळीत खाऱ्या पाण्याचा पांढरा थर जमून ती आधीच अरुंद झाली होती. वर डाळीचा फेस आला आणि नळी बंद पडली. वाफेला वाट मिळेना, तेव्हा व्हॉल्व्हनं आपलं काम चोख केलं. त्या जागी दुरुस्तीवाल्यानं भलतंच काही ठोकून बसवलेलं असतं, तर झाकणच गेलं असतं.

तेव्हा एवढं करा. डाळ थेट कुकरात शिजवताना तो निम्म्याच्या वर भरू नका. शिट्टी ठेवण्याआधी झाकण उजेडासमोर धरून नळीतून आरपार दिसतं का ते पाहा, पाणी जड असेल तर रोज पाहा. रबर कडक झालं की बदला, शिवून किंवा ताणून वापरू नका. नवा कुकर घेताना आयएसआयचं चिन्ह आणि आयएस 2347 हा क्रमांक बघून घ्या. 2021 पासून तो सक्तीचा आहे. आणि घरातल्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह शेवटचा केव्हा बदलला ते आठवत नसेल, तर पुढचा कुकर लावण्याआधी नवा बसवून घ्या.