तक्रार नीट लिहा, ऊस वाचवा
— ऊस विकास अधिकारी



लागण, खते, पाणी यांवर आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतो. शेतातली अडचण कारखान्याला लिहून कशी कळवावी? कुणी म्हणेल, "साहेब, त्यात काय शिकायचं?" म्हणून आधी घडलेली गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टच्या सुरुवातीला गट ऑफिसात एका सभासदांचा अर्ज आला. "माझे रानातील ऊस पिवळा पडत आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती." खाली सही. गट नंबर नाही, तारीख नाही. त्यांची जमीन तीन ठिकाणी. आमचे चिटबॉय रस्त्याकडेच्या रानात जाऊन आले आणि "पाहणी केली, पीक समाधानकारक" असा रिपोर्ट दिला. दुखणे होते ओढ्याकाठच्या रानात! सप्टेंबरअखेर ते सभासद स्वतः ऑफिसात आले, तोवर हुमणीने मुळ्या खाऊन बेटेच्या बेटे आडवी झाली होती. त्यांचा अर्ज अपुरा होता हे खरे; पण आमचा रिपोर्ट त्याहून अपुरा होता, आणि त्यावर सही माझी होती.

हुमणीच्या बाबतीत दिवसांना किंमत आहे. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडून कडुनिंब, बाभळीवर जमतात व नंतर जमिनीत अंडी घालतात. अळी लहान असते तोवर उपाय लागू पडतो. मोठी झाली की ती खाते जास्त आणि मरते कमी. महिना गेला की पीक गेले.

"पिवळा" एवढ्या एका शब्दावरून रोग कळत नाही. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा असेल तर लोहाची कमतरता, म्हणजे केवडा. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी. पाणी साचले तरी ऊस पिवळा पडतो. बेट वाळत जाऊन ओढताच अलगद हातात आले, तर मुळाशी हुमणी शोधावी. म्हणून काय दिसले ते लिहा. अंदाज वेगळा लिहा.

नमुन्यादाखल असे लिहावे:

"ता. 8 ऑगस्ट. गट नं. 212, ओढ्याकाठचे रान, 40 गुंठे. को 86032, खोडवा. उत्तरेच्या बांधाकडील 5 सऱ्यांत सुमारे 60 बेटे वाळत आहेत. काल 3 बेटे उपटली, मुळाशी 7 अळ्या मिळाल्या. अजून औषध दिलेले नाही. दोन दिवसांत पाहणी व्हावी. मी सकाळी 10 पर्यंत रानात असतो."

यात एकही अवघड शब्द नाही. पण कुठे, केव्हा, किती, काय केले आणि काय हवे, एवढे सगळे आले. "बराच ऊस", "थोडे दिवस" असे लिहू नये. मोजून आकडा द्यावा. चांगले दिसले तेही लिहावे. 2002 साली लोकरी मावा आला, तेव्हा त्याला खाणारे डिफा, मायक्रोमस हे मित्रकीटक फार उपयोगी पडले. पानावर ते दिसत असतील तर फवारणी थांबवता येते. पण आम्हाला कळले तर ना!

हल्ली पुष्कळजण मोबाईलवर फोटो पाठवतात. जरूर पाठवावा, पण फोटोत गट नंबर दिसत नाही, तो खाली लिहावा. लेखी अर्ज दिला तर नक्कल ठेवून पोहोच घ्यावी. लिहिता येत नसेल त्यांनी घरातल्या शाळकरी मुलाकडून लिहून घ्यावे, त्यात कमीपणा नाही.

नियम आम्हालाही लागू आहे. गट नंबर, तारीख आणि मोजलेला आकडा नसलेल्या पाहणी रिपोर्टावर मी आता सही करीत नाही. "समाधानकारक" हा शब्द तर आम्ही बंदच केला आहे. तसा रिपोर्ट आपल्या नजरेस आला, तर हक्काने मला दाखवावा, ही नम्र विनंती.