स्पीकर निवडताना आधी आवाज सारखा करा
मुलुंडच्या आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये रविवारी दोन जोड्या लावल्या. एकीची सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल, दुसरीची ८८. ॲम्प्लिफायरचा नॉब तोच ठेवला तरी दुसरी ३ डेसिबल मोठी वाजते, आणि कानाला मोठं तेच गोड वाटतं! म्हणून मोबाइलच्या मीटरवर दोन्ही सारख्या केल्या. जागाही एकच, भिंतीपासून दोन फूट. भिंतीला चिकटवले की खर्ज फुगतो.

पंखा बंद करून किशोरीताई आमोणकरांची भूपातली ‘सहेला रे’ लावली. पहिल्या जोडीत तानपुऱ्याची जवारी तारेतारेने उलगडली. दुसरीत डग्ग्याचा घुमारा भरदार, पण तानपुरा धूसर. तुकडे वीस सेकंदांचेच घ्या, आवाजाचे बारकावे कान पटकन विसरतो. मी पहिली ठेवली.