वाचनालयातील व्याख्यान

वाचनालय म्हटले की ‘शांतता राखा’ ही पाटी प्रथम डोळ्यांपुढे येते. परंतु त्याच वाचनालयात एखाद्या सायंकाळी मेजे भिंतीकडे सरकविली जातात, खुर्च्यांच्या रांगा मांडल्या जातात, आणि ज्याचे नाव आजवर केवळ ग्रंथाच्या मुखपृष्ठावर पाहिलेले असते, तो लेखक समोर उभा राहून बोलू लागतो. शांततेसाठी उभारलेल्या वास्तूत हा आवाज कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वाचनालयांच्या इतिहासातच सापडते.

रत्नागिरी येथील जिल्हा नगर वाचनालय इ. स. १८२८ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्रातील सर्वांत जुने वाचनालय म्हणून त्याचा मान आहे. त्या वेळी आपल्या देशात आगगाडी नव्हती आणि मुंबईचे विद्यापीठही नव्हते. मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ हे निघावयास अजून चार वर्षे होती. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे मूळचे कोकणातीलच, पोंभुर्ले गावचे. अशा काळी छापील मराठी ग्रंथ बोटांवर मोजण्याइतके, आणि ते वाचू शकणारेही थोडेच. अक्षरओळख नसलेल्या माणसाला कपाटातील ग्रंथ मुकाच राहतो. त्याला बोलते करावयाचे, तर कोणीतरी तो उघडून चार लोकांपुढे मांडला पाहिजे.

ही रीत आपल्या समाजाला नवी नव्हती. देवळात पुराणिक पोथी सांगत, कीर्तनकार आख्यान लावीत, आणि ज्यांनी जन्मात अक्षर गिरविले नाही, अशा बायाबापड्याही ते ऐकून शहाण्या होत. खुद्द ‘ज्ञानेश्वरी’ हा ग्रंथ शके १२१२ मध्ये नेवासे येथे श्रोत्यांपुढे सांगितला गेला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, असे परंपरा मानते. परदेशांतही लेखकांनी वाचकांसमोर यावे, ही चाल आहे. चार्ल्स डिकन्स हा इंग्रज कादंबरीकार आपल्याच कथांचे जाहीर वाचन करी, आणि इ. स. १८६७ मध्ये तो अमेरिकेत गेला, तेव्हा तिकिटांसाठी लोकांनी कडाक्याच्या थंडीत रांगा लावल्या होत्या.

ह्या जुन्या रीतीला नवे, नेमके रूप न्यायमूर्ती रानडे यांनी दिले. इ. स. १८७५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुराणिक आणि व्याख्याता ह्यांत एक मोठा भेद आहे. पुराणिकाला सहसा कोणी उलटून प्रश्न विचारीत नाही. व्याख्यात्याला विचारता येतो, किंबहुना विचारावाच लागतो.

रत्नागिरीत तर व्याख्यानाबरोबर आणखी एक प्रश्न उभा राहिला होता. इ. स. १९२४ पासून १९३७ पर्यंत विनायक दामोदर सावरकर तेथे स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घेण्याची त्यांना बंदी होती; म्हणून त्यांनी व्याख्यानांतून व लेखांतून अस्पृश्यतानिवारणाचा आणि भाषाशुद्धीचा विषय हाती घेतला. इ. स. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या साहाय्याने सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उभे राहिले. सभेत कोण कोणाशेजारी बसतो, हे त्या काळी वक्ता काय बोलतो ह्याहून कमी महत्त्वाचे नव्हते. आज कोणीही कोणत्याही खुर्चीवर बसतो आणि त्यात काही विशेष आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही.

व्याख्यानाची तयारी मात्र वाटते तितकी सोपी नसते. कार्यवाह वक्त्याला कित्येक आठवडे आधी पत्र घालतात, विषय ठरवितात, प्रवासाची व उतरण्याची सोय पाहतात. कोकणात ह्या कामी पावसाचाही विचार करावा लागतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ऐन आषाढात छपरावरच्या सरींपुढे वक्त्याचा आवाज काय टिकणार! पूर्वी मुंबईहून येणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंदच असत. इ. स. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा पाहुण्यांचे येणे पुष्कळ सुकर झाले.

कार्यक्रमांचे प्रकारही अनेक. कधी लेखकाचे सरळ व्याख्यान असते, कधी जाणकार व्यक्ती त्याची मुलाखत घेते, कधी एखाद्या कथेचे अभिवाचन होते, तर कधी कविसंमेलन किंवा गायनाची बैठक रंगते. हारतुरे, परिचय आणि प्रास्ताविक ह्यांतच अर्धा तास खर्ची पडावा, ही खोड मात्र फार जुनी आहे. श्रोते आलेले असतात ते लेखकासाठी. त्याच्या पदव्यांची यादी ऐकण्यासाठी नव्हे. सभेचा खरा कस लागतो तो शेवटच्या प्रश्नोत्तरांत. ‘ह्या पात्राला तुम्ही शेवटी मारलेत का?’ असे एखाद्या सातवीतल्या मुलीने विचारले आणि लेखक क्षणभर गप्प राहिला, तर ती सभा चांगली झाली असे खुशाल समजावे.

ग्रंथालयशास्त्राचे थोर आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी इ. स. १९३१ मध्ये जे पाच सिद्धान्त मांडले, त्यांतील एकाचा आशय असा की, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. कपाटात वर्षानुवर्षे कोणी न उघडलेले पुस्तक व्याख्यानानंतर दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या खिडकीशी मागितले जाते, तेव्हा हे काम साधते. उलट, लेखकाला ऐकले म्हणजे पुस्तक वाचल्यासारखेच झाले, असे मानून श्रोता घरी गेला, तर व्याख्यान कितीही रंगलेले असो, ते वाया गेले म्हणावयाचे.

बोललेला शब्द हवेत विरतो, असे म्हणतात. पण नेहमीच तसे होत नाही. इ. स. १९९० मध्ये रत्नागिरीत मधु मंगेश कर्णिक यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पुढच्याच वर्षी कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत ज्या मालगुंड गावी जन्मले, तेथे ह्या परिषदेने त्यांचे स्मारक उभारण्याचे मनावर घेतले, आणि इ. स. १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गणपतीपुळ्यास जाणारे पुष्कळ प्रवासी आता वाट थोडी वाकडी करून मालगुंडास जातात आणि कवीचे कौलारू घर पाहून येतात.