घरात येणाऱ्या विजेचा बंदोबस्त

१९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत्केंद्रातून मुंबईच्या कापडगिरण्यांकडे वीज वाहू लागली, तेव्हा तिच्याकडून मोटारी फिरवण्यापलीकडे फारशी अपेक्षा नव्हती. आणि पुढे तीच वीज चाळींतून व बंगल्यांतून शिरली, तेव्हाही दिवा आणि पंखा एवढाच तिचा संसार होता. दाब उतरला तर दिवा मंद व्हावा, पंखा रेंगाळावा, आणि दाब पूर्ववत होताच दोघांनीही घडले ते विसरून कामाला लागावे, असा तो सोशिक जमाना होता. आज त्याच तारांच्या टोकाला जी यंत्रे बसली आहेत, त्यांच्या अंतःकरणात अवघ्या काही व्होल्टांवर चालणाऱ्या चकत्या आहेत. धुलाईयंत्र, शीतकपाट, वातानुकूलक, इतकेच काय पण साधा एलईडी दिवासुद्धा आता इलेक्ट्रॉनिक मंडलाच्या हुकमतीखाली चालतो, आणि दुरुस्ती करणारा कारागीर मोटार जळाल्याचे क्वचित सांगतो, बहुधा 'कार्ड उडाले' एवढेच सांगून हजारोंचे बिल पुढे करतो. विजेचा स्वभाव फारसा बदललेला नाही. तिच्यावर विसंबणाऱ्यांची प्रकृती मात्र नाजूक झाली आहे.

आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आणि वारंवारता ५० हर्ट्झ असावी, असा दंडक आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी या दाबात दोन्ही बाजूंना ६ टक्क्यांची मुभा ठेवली होती, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट एवढ्या पट्ट्यात ग्राहकाला वीज मिळावी, ही अपेक्षा. प्रत्यक्षात डीपीच्या लगतच्या घराला मध्यरात्री या मर्यादेच्या वरचा दाब सोसावा लागतो, तर लाइनच्या शेवटच्या टोकावरील वस्तीत, रब्बीच्या हंगामात पंप सुरू झाले की ट्यूबलाइट नुसती लुकलुकते. पण दाबाचा हा चढउतार म्हणजे सगळे दुखणे नव्हे. मोठी मोटार सुरू होताना क्षणभर पडणारी खळी, मायक्रोसेकंदांत येऊन जाणारा प्रचंड धक्का, वीज मुळीच नसणे, आणि विजेच्या लहरीचा आकारच बिघडणे, ही निरनिराळी दुखणी असून त्यांची औषधेही निरनिराळी आहेत. एकाच पेटीने सर्वांचा बंदोबस्त होईल अशी समजूत करून घेऊन माणसे बाजारात जातात, आणि तेथेच पैसा वाया जाण्यास आरंभ होतो.

या सर्वांत घातक, आणि तरीही सामान्य ग्राहकाला जवळजवळ अपरिचित असा दोष म्हणजे खांबावरील न्यूट्रल तुटणे. गल्लीतील घरे तीन फेजांवर वाटलेली असतात आणि सर्वांचा परतीचा मार्ग एकच न्यूट्रल असतो. तो तुटला, की दोन फेजांवरील दोन घरे एकाच साखळीत ओवली जातात आणि दोन फेजांमधील ४१५ व्होल्टांचा दाब त्यांच्यात वाटला जातो. परंतु ही वाटणी समसमान होत नाही. एका घरात १००० वॉटची इस्त्री चालू आहे आणि दुसऱ्यात केवळ १०० वॉटचा दूरदर्शनसंच, अशी कल्पना केली, तर संचाचा रोध इस्त्रीच्या दसपट असल्याने दाबाच्या अकरा हिश्श्यांपैकी दहा त्याच्या वाट्याला येतात, म्हणजे सुमारे पावणेचारशे व्होल्ट. जो ग्राहक काटकसरीने एकच यंत्र चालू ठेवतो, त्याचेच यंत्र जळते. 'घरात डबल फेज आला' असे ज्या दुर्घटनेचे वर्णन लोक करतात, तिच्या मुळाशी अनेकदा हेच कारण असते. येथे एमसीबीवर भिस्त ठेवणे व्यर्थ आहे, कारण तिची नेमणूक जादा प्रवाह तोडण्यासाठी झालेली असते, दाबावर पाळत ठेवण्याचे काम तिच्याकडे नसते. मुख्य फळीवर दाब मोजणारी आणि तो मर्यादेबाहेर जाताच सगळ्या घराचा पुरवठा तोडणारी, जादा व कमी दाबाची स्वतंत्र रिले बसवणे हाच या संकटावरचा खरा उपाय होय, आणि एक चांगला दूरदर्शनसंच विकत घेण्यास जेवढी रक्कम लागते, तिच्या अल्पशा अंशात ही तजवीज होते.

दुसरे संकट आकाशातून येते. चैत्र-वैशाखात वळीव कोसळू लागला, की गडगडाटासह पडणाऱ्या विजेची धास्ती सर्वांनाच असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे अॅप काढून तिची पूर्वसूचना भ्रमणध्वनीवर देण्याची सोय केली आहे. परंतु यंत्राला इजा होण्यासाठी वीज घरावरच पडावी लागते असे नाही. दूरवर लाइनजवळ पडली तरी तारांमध्ये हजारो व्होल्टांचा धक्का उत्पन्न होतो, आणि तो केवळ विजेच्या तारेने नव्हे, तर केबलच्या व ब्रॉडबँडच्या धातूच्या तारेनेही घरात शिरतो. अशा धक्क्यासाठी सर्ज प्रोटेक्टर असतो. त्यातील झिंक ऑक्साइडची चकती नेहमीच्या दाबाला दाद देत नाही, पण दाब एकदम उसळला की क्षणार्धात वाट मोकळी करून जादा ऊर्जा जमिनीकडे वळवते. प्रत्येक आघाताबरोबर ती थोडी थोडी झिजते, म्हणून तिच्यावरील खुणेचा दिवा पाहत राहणे आणि ती निकामी होताच बदलणे हेही मालकाचेच काम. आणि मुख्य म्हणजे, अर्थिंगविना बसवलेला सर्ज प्रोटेक्टर म्हणजे सांडवा बांधला आणि पुढे नदीचे पात्रच नाही, असे धरण.

अर्थिंग ही घरबांधणीतील सर्वांत उपेक्षित बाब आहे, कारण ती दिसत नाही आणि दिवा तिच्यावाचूनही लागतो. भारतीय मानक ३०४३ मध्ये तिची रीत घालून दिलेली आहे: जमिनीत खोल नळी अथवा पत्रा, भोवती कोळसा व मीठ, आणि ओलावा टिकावा म्हणून पाणी घालण्याची सोय. परंतु आपल्या मुलुखाची जमीन या कामाला सर्वत्र सारखीच अनुकूल नाही. कोकणातील जांभा आणि सह्याद्रीपलीकडील काळा पाषाण विजेला सहजी वाट देत नाहीत. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती ओलसर असता उत्तम वाहक असते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की नळीभोवतीची पकड सैल होते. म्हणून अर्थिंगचा रोध वर्षातून एकदा, तोही भर उन्हाळ्यात, जाणत्या वायरमनकडून मोजून घ्यावा. तीन पिनांच्या प्लगमधील तिसरी पिन कापून टाकणे, किंवा अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच ती न्यूट्रलला जोडून देणे, या दोन सवयी प्राणघातक आहेत; आणि गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यंत्रापेक्षा माणसाचे रक्षण करते, तेव्हा तिच्या बाबतीत काटकसर नकोच.

एवढा पाया भरल्यावरच स्टॅबिलायझरचा विचार योग्य ठरतो. स्टॅबिलायझर रोहित्राच्या टॅप बदलून दाब सावरतो. रिलेच्या साध्या यंत्रात हा बदल टप्प्याटप्प्याने होतो, तर सर्व्होमध्ये मोटार सलगपणे दाब नेमका राखते, म्हणून छापखाने, प्रयोगशाळा, सीएनसी यंत्रे यांना सर्व्होच लागतो. कॉम्प्रेसर असलेल्या यंत्रांना त्यातील विलंबाची सोय विशेष उपकारक ठरते, कारण वीज जाऊन लगेच आली असता आतील वायूचा दाब उतरण्यापूर्वीच कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो आणि त्याची मोटार तापते. सुमारे तीन मिनिटांची सक्तीची विश्रांती त्याला वाचवते. उलटपक्षी, ज्याच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे, त्या चार्जरला वा लॅपटॉपला स्टॅबिलायझरची मुळीच गरज नाही.

भारनियमनाच्या काळात महाराष्ट्राच्या घराघरांत इन्व्हर्टर शिरला, तो आजही आहे. पण इन्व्हर्टर आणि यूपीएस यांतील भेद पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. संगणकाचा वीजपुरवठा साधारण एका आवर्तनापुरती, म्हणजे २० मिलिसेकंदांची, अनुपस्थिती सोसू शकतो. त्यापेक्षा सावकाश बदलणारा इन्व्हर्टर पंख्याला चालतो, संगणक मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. ऑफलाइन यूपीएस वीज गेल्यावरच पुढे येतो; लाइन इंटरॲक्टिव्ह प्रकार त्यात थोडाफार दाब सावरतो; ऑनलाइन प्रकार मात्र येणारी वीज प्रथम एकदिश करून पुन्हा नवी लहर घडवतो, आणि म्हणूनच रुग्णालयाचे उपकरण किंवा पेढीचा सर्व्हर यांना तोच शोभतो. बॅटरीचा हिशेबही वास्तववादी असावा: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, पण ३०० वॉटच्या भारावर नवी असतानाही जेमतेम चार तास धरावे. तिला शुद्ध आसुत जल आणि वारा खेळती जागा लागते; तापमान १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येते.

व्यावसायिकाला आणखी एका गोष्टीची दखल घ्यावी लागते. पन्नास संगणकांच्या कचेरीत प्रत्येक यंत्र विजेची लहर सबंध न घेता तिच्या शिखरावरून तुकडा तोडून घेते, आणि यातून निर्माण होणारे तिसऱ्या क्रमांकाचे हार्मोनिक प्रवाह न्यूट्रलमध्ये परस्परांना रद्द न करता एकत्र साचतात. न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक ठेवण्याची जुनी रीत म्हणूनच तेथे धोक्याची ठरते. कारखान्यातील मोटारींवर एक फेज गेल्यास तोडणारा प्रिव्हेंटर हवा, जनित्रावर दाब राखणारा नियंत्रक हवा. आणि पुरवठा भरवशाचा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी खुद्द मुंबईची वीज काही तास गेली होती.

खर्चाचा क्रम, तात्पर्य, असा लावावा: आधी अर्थिंग आणि घट्ट बसलेली जोडणी, मग आरसीसीबी आणि दाबाची रिले, त्यानंतर सर्ज प्रोटेक्टर, आणि सर्वांत शेवटी, ज्या यंत्राला खरोखर हवा त्यालाच, स्टॅबिलायझर किंवा यूपीएस. आपल्याकडे बहुधा हा क्रम नेमका उलटा असतो, कारण दुकानदार दाखवू शकतो ती पेटी, जमिनीतील नळी नव्हे. यंदाच्या दिवाळीत नवा संच घरी आणण्याचा बेत असेल, तर त्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावी. आकडा वाईट निघाला, तर पहिला रुपया तेथेच खर्च करावा, आणि संचाची खरेदी गुढीपाडव्यावर ढकलावी.