विश्लेषण : मेंदूचा ताल ‘थांबवणाऱ्या’ पेशींच्या हाती कसा?

पाच-सहा महिन्यांच्या बाळाला ताप येतो, तापात आकडी येते आणि ती बराच वेळ थांबत नाही. मग आकड्या वारंवार येऊ लागतात. अपस्मारावरील नेहमीच्या वापरातले एखादे औषध सुरू होते, तर आकड्या कमी होण्याऐवजी वाढतात. फ्रेंच डॉक्टर शार्लोट ड्राव्हे यांनी १९७८ मध्ये वर्णन केलेल्या, आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात असे घडू शकते. आकडी थांबवण्यासाठी दिलेले औषध ती वाढवते कसे, हे समजण्यासाठी मेंदूतील एका अल्पसंख्य पेशीगटाची ओळख करून घ्यावी लागते.

या पेशी कोणत्या?

मेंदूचा बाहेरचा, घड्या पडलेला थर म्हणजे कॉर्टेक्स. त्याची जाडी जेमतेम दोन ते चार मिलिमीटर. त्यातील सुमारे ८० टक्के चेतापेशी उत्तेजक असतात. त्या पुढच्या पेशीला संदेश सोडण्यास प्रवृत्त करतात. उरलेल्या बहुतेक पेशी रोधक असतात. त्यांना इंटरन्यूरॉन म्हणतात. त्या ‘गाबा’ नावाचे रसायन सोडतात आणि समोरची पेशी काही क्षण गप्प होते. बहुतेक इंटरन्यूरॉनचे धागे दूर जात नाहीत, आसपासच्या पेशींपुरतेच पसरतात.

त्यांच्यातही कामाची वाटणी आहे. ‘बास्केट’ पेशी उत्तेजक पेशीच्या मुख्य भागाला टोपलीसारखा वेढा घालतात, म्हणजे थेट निर्णयाच्या जागी बसतात. ‘मार्टिनोटी’ पेशी उत्तेजक पेशीच्या फांद्यांवर, म्हणजे जिथे बाहेरून माहिती येते तिथे, रोध लावतात. आणखी एक प्रकार तर मुख्यतः या मार्टिनोटी पेशींनाच थांबवतो. थांबवणाऱ्याला थांबवले की उत्तेजक पेशीला वाट मोकळी होते. त्यामुळे या पेशींना नुसते ब्रेक म्हणणे अपुरे ठरते.

थांबवण्यातून ताल कसा निर्माण होतो?

चौकातला सिग्नल पाहावा. गाड्या वेगवेगळ्या वेळी येतात, पण लाल दिव्याला एकत्र थांबतात आणि हिरवा होताच एकदम सुटतात. एक बास्केट पेशी शेकडो उत्तेजक पेशींना जोडलेली असते. तिने गाबा सोडला की त्या सगळ्या जवळजवळ एकाच वेळी गप्प होतात आणि त्याचा प्रभाव ओसरताच एकाच वेळी मोकळ्या होतात. त्यांनी संदेश सोडले की बास्केट पेशी पुन्हा चेतते आणि पुन्हा सगळ्यांना थांबवते. असे एक आवर्तन साधारण २५ मिलिसेकंदांत पूर्ण झाले तर सेकंदाला ४० आवर्तने होतात. मेंदूच्या विद्युत आलेखात दिसणाऱ्या ‘गॅमा’ लहरींचा वेग याच पट्ट्यात येतो.

पण चौकाचौकांतले सिग्नल एकमेकांशी जुळणार कसे? याचा एक दुवा १९९९ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी ‘नेचर’मध्ये स्वतंत्रपणे मांडला. एकाच प्रकारच्या शेजारी इंटरन्यूरॉन अतिसूक्ष्म छिद्रांनी थेट जोडलेल्या असतात. या ‘गॅप जंक्शन’मधून रसायनाच्या मध्यस्थीविना विद्युतप्रवाह एका पेशीतून दुसरीत जातो. त्याशिवाय त्या एकमेकींना गाबाने रोखतही असतात. दोन्ही दुव्यांमुळे त्या एका ठेक्यावर येतात.

हे सिद्ध झाले आहे का?

उंदरांमध्ये बऱ्याच अंशी. २००९ मध्ये जनुकीय बदलाने चेतापेशी प्रकाशाला प्रतिसाद देतील अशी सोय करण्यात आली. जलद इंटरन्यूरॉन प्रकाशाने सेकंदाला ४० वेळा चेतवल्या, तेव्हा गॅमा लहरी वाढल्या. उत्तेजक पेशींबाबत तसाच प्रयोग केला असता हा परिणाम दिसला नाही. दुसऱ्या प्रयोगात याच इंटरन्यूरॉन दाबल्यावर गॅमा लहरी मंदावल्या. या लहरी विचार घडवतात की केवळ त्यांच्या सोबतीने उमटतात, हा वाद मात्र कायम आहे.

२०१६ मध्ये ‘एमआयटी’तील संशोधकांनी ४० हर्ट्झने लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे अल्झायमरसदृश आजार असलेल्या उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइड कमी झाल्याचे सांगितले. २०२३ मध्ये ग्योर्गी बुझाकी यांच्या न्यूयॉर्कमधील गटाला मात्र तसा परिणाम आढळला नाही. माणसांवरील चाचण्या सुरू असतानाच असे दिवे विकलेही जात आहेत. ते घेण्याची घाई करावी, इतका पुरावा अद्याप नाही.

मग औषध उलटते का?

जलद इंटरन्यूरॉन सेकंदाला शंभराहून अधिक संदेश सोडू शकतात. त्यासाठी पेशीच्या आवरणातील सोडियमच्या दारांची सतत उघडझाप व्हावी लागते. ड्राव्हेच्या बहुतेक रुग्णांत ‘एससीएन१ए’ या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असते, हे २००१ पासून माहीत आहे. (बहुतांश मुलांत हा दोष नव्याने निर्माण झालेला असतो, आई-वडिलांकडून आलेला नसतो.) हे जनुक सोडियमच्या ज्या दाराची रचना ठरवते, त्यावर इंटरन्यूरॉनची विशेष भिस्त असते, उत्तेजक पेशींचा कारभार प्रामुख्याने इतर दारांवर चालतो. २००६ मध्ये असा दोष असलेल्या उंदरांत इंटरन्यूरॉनमधील सोडियमचा प्रवाह खूप घटलेला, तर उत्तेजक पेशींतील जवळपास शाबूत आढळला.

कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही औषधे सोडियमची दारेच रोखतात. इतर अनेक रुग्णांत त्यामुळे अति चेतलेल्या पेशी शांत होतात आणि आकडी आटोक्यात येते. ड्राव्हेमध्ये मात्र आधीच दुबळ्या झालेल्या रोधक पेशी आणखी मंदावतात. म्हणून या मुलांना ती दीर्घकाळासाठी देणे टाळले जाते. क्लोबाझाम, स्टिरिपेंटॉल यांसारखी गाबाचा परिणाम वाढवणारी औषधे, तसेच व्हॅल्प्रोएट वापरले जाते. चालू आकडी थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवाराही गाबाचेच काम वाढवतो. चालू औषध पालकांनी स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. अचानक बंद केल्यानेही आकडी येते. पहिल्या वर्षातच तापात दीर्घ आकड्या येऊ लागल्या, विशेषतः शरीराच्या एकाच बाजूला, तर जनुकीय तपासणी करावी का, हे बालमेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे. निदान झाले की कोणते औषध टाळायचे, हे त्याच दिवशी ठरवता येते.