हजिऱ्याच्या वाळूचे माहेर

सुरतेजवळ तापीच्या मुखाशी हजिरा वसले आहे. तेथील किनाऱ्यावर चिखल, वाळू आणि खाडीचे पाणी एवढेच दिसते. भूशास्त्राच्या सहलीचा आरंभ येथून करावा, असे म्हटले तर विद्यार्थ्यांना हसू येईल. परंतु आपण तसाच आरंभ करू या.

समोरच्या तीरावर डुमस आहे. तेथील काळसर वाळू कागदावर पसरावी आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवावा. काही काळे कण चुंबकामागे धावू लागतात. ते मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे होत. हे खनिज ज्या खडकात असते तो खडक तर किनाऱ्यावर कोठेच नाही. मग हे कण आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर शोधीत आपल्याला नदीच्या उलट दिशेने जावयाचे आहे.

वाटेत थोडे ईशान्येस वळून वस्तानची लिग्नाइटची खाण पाहावी. अर्थात अनुमती घेऊनच. तेथील थर सुमारे 5 कोटी 40 लक्ष वर्षांपूर्वीचे आहेत. किनाऱ्यालगतच्या दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा हा कोळसा. त्याच थरांत प्राचीन वटवाघळांचे अवशेष सापडले, तसेच राळेच्या खड्यांत अडकलेले कीटकही आढळले. खाण बुजली की असे थर पुन्हा दृष्टीआड होतात. म्हणून ते उघडे आहेत तोवर पाहून घ्यावेत.

आता सुरतेस परतून भुसावळच्या रेल्वेने निघावे. व्यारा मागे पडले की भूमी चढू लागते. सोनगडचा गायकवाडांचा किल्ला ज्या डोंगरावर आहे, त्याचा काळा कातळ म्हणजेच आपला बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश घडला. थरांच्या माथ्याजवळ वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. त्यांत पुढे पांढरे स्फटिक भरले. नवापूर स्थानकातून दोन राज्यांची सीमा जाते, पण कातळ दोन्हीकडे एकच आहे. पुढे नंदुरबार-धुळ्याच्या बाजूस सपाट रानात भिंतीसारख्या लांबच लांब टेकड्या दिसतात. भेगांत थिजलेल्या लाव्हारसाच्या या भिंतींना डाइक म्हणतात. सभोवारचा खडक झिजला, त्या मात्र उभ्या राहिल्या.

झिजलेला खडक गेला कोठे? ऊनपावसाने तो कुजला, त्याची काळी माती झाली. ओढ्यांनी ती तापीत लोटली आणि तापीने मुखाशी आणून टाकली. चुंबकाला चिकटलेल्या कणांचे माहेर हे असे डोंगरांत आहे.

हे जाणण्याचा व्यावहारिक उपयोगही आहे. 1972 मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणात आता नदीचा बराचसा गाळ अडतो. परंतु ज्या सपाटीवर सुरत आणि हजिऱ्याचे कारखाने उभे आहेत, ती नदीने आपल्या पुरांनीच रचली. ऑगस्ट 2006 मध्ये तापीचे पाणी सुरतेच्या घराघरांत शिरले, तेव्हा नदी आपल्या जुन्याच अंगणात आली होती. ही गोष्ट पुराने शिकविण्यापेक्षा मुठीतल्या वाळूने शिकविलेली बरी. शिक्षकांनी येत्या हिवाळ्यात एक चुंबक, एक हातोडी आणि पंचवीस मुले घेऊन निघावे, एवढीच विनंती.