थ्री नॉट थ्री : शंभर वर्षांची नोकरी

पोलीस दलातून निवृत्त झालेल्या हवालदाराला बक्कल नंबर पाठ असतो, यात नवल नाही. तो त्याने आयुष्यभर अंगावर वागवलेला असतो. पण सशस्त्र पोलिसांत किंवा एसआरपीत नोकरी काढलेल्या माणसाला आणखी एक आकडा आठवतो. त्याच्या रायफलीचा बट नंबर. कोतच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या, खिडकीसमोर रांग लागायची, नंबर पुकारायचा, वहीत सही करायची आणि लाकडी कुंद्याची, चार किलो वजनाची वस्तू ताब्यात घ्यायची. परत करताना पुन्हा सही. ही वस्तू बहुतेकदा त्या शिपायापेक्षा वयाने मोठी असे. तिचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, बोलण्यात मात्र ती कायम थ्री नॉट थ्री.

नाव नळीच्या मापावरून आलं. .303 इंच, म्हणजे साधारण 7.7 मिलिमीटर. बोल्ट आणि मॅगझीनची रचना जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या कारागिराची, आणि लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्यामुळे जोडनाव ली-एनफिल्ड. पहिलं रूप 1895 चं. ज्या रूपात हिंदुस्थानने तिला ओळखलं ते आखूड नळीचं मार्क थ्री 1907 चं. लांबी सुमारे 113 सेंटिमीटर, मॅगझीनमध्ये 10 गोळ्या, आणि त्या पाच-पाचच्या क्लिपने वरून दाबून भरायच्या.

चालवण्याची तऱ्हा दाराच्या कडीसारखी: दांडा वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. मागे ओढताना रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढे ढकलताना नवी गोळी नळीत बसते. बोल्टची फेक आखूड असल्यामुळे सरावलेला हात हे फार झरझर करी; मिनिटाला 15 नेम धरून मारलेल्या गोळ्या, ही ब्रिटिश शिपायाकडून अपेक्षा असे. भाग जरा सैल बसवलेले, म्हणून चिखल आणि धूळ तिला इतर रायफलींपेक्षा जास्त सोसत असे. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत याच सैलपणाने तिचं नाव झालं.

सुरुवातीच्या मार्क थ्रीमध्ये मॅगझीनवर एक सरकती पट्टी होती. ती आत ढकलली की मॅगझीन बंद, आणि शिपायाने एकेक गोळी हाताने भरून मारायची. मॅगझीनमधल्या दहा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायच्या. शिपाई गोळ्या उधळेल, ही साहेबांची भीती अशी लोखंडात घडवलेली होती. महायुद्धात कारखान्यांवर ताण आला तेव्हा ती पट्टी गाळली गेली. कोणाचं काही बिघडलं नाही.

या भीतीचं हिंदुस्थानी रूप जास्त उघडं होतं. 1857 नंतर तोफखाना जवळपास सगळा गोऱ्यांच्या हाती ठेवला गेला, आणि देशी पलटणीला गोऱ्या पलटणीपेक्षा एक पायरी जुनं हत्यार देण्याची रीत पडली. 1914 मध्ये देशी पलटणी फ्रान्सच्या लढाईसाठी मार्सेय बंदरात उतरल्या, तेव्हा कुठे त्यांच्या हातातल्या जुन्या रायफली काढून नव्या देण्यात आल्या. पोलिसांच्या बाबतीत तर कमालच. इशापूरच्या कारखान्यात याच रायफलीची .410 मस्केट बनवली जाई: नळी आतून गुळगुळीत, मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच गोळी. दिसायला रायफल, पण उद्या बंडवाल्यांच्या हाती पडलीच तर फारशी कामाची नाही. पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी ती खांद्यावर घेऊन उभे राहत.

इशापूर हे कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठचं गाव. तिथला रायफल कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतरही हीच रायफल बनवत राहिला. हातात आलेल्या रायफलीचं कूळ बघायचं तर बोल्टच्या मागे, मुठीजवळच्या पट्टीवर बघायचं. जुनीवर राजमुकुट आणि जीआरआय ही पंचम किंवा सहाव्या जॉर्जची अक्षरं, नवीवर अशोकस्तंभाचे सिंह. खाली साल. राज्य बदललं, शिक्का बदलला, साचे तेच राहिले. पुढच्या लाकडाला आडवा जाणारा एक जादा स्क्रू ही इशापूरची खास खूण. लाकूड फाटू नये म्हणून बसवलेला. आणि गोळ्या? त्या आपल्या पुण्याच्या. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. त्याच्या काडतुसाच्या बुडावर केएफ अशी अक्षरं ठोकलेली असत. चांदमारीच्या मैदानावर सांडलेल्या पितळी पुंगळ्या वेचणाऱ्या किती पोरांनी ती वाचली असतील!

हौशी लेखनात या रायफलीचं गुणगान इथेच थांबतं. तसं थांबता येत नाही, कारण आठवणी फक्त ती धरणाऱ्यांच्याच नसतात. 13 एप्रिल 1919 रोजी जालियनवाला बागेत डायरने 50 रायफलवाल्यांकडून 1,650 फैरी झाडून घेतल्या. हा आकडा त्याने स्वतः चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे सांगितला. गोळी .303 चीच होती. बागेच्या भिंतीवरच्या खुणा आजही जपून ठेवलेल्या आहेत.

1962 मध्ये चीनसमोर आपले जवान हिमालयात उभे होते ते बहुतांशी याच रायफली घेऊन. त्यानंतर लष्कराने एसएलआर ही नवी रायफल आणली, आणि इशापूरने मधल्या काळासाठी थ्री नॉट थ्रीचाच सांगाडा 7.62 मिलिमीटरच्या गोळीसाठी नव्याने घडवला. लष्करातून मोकळ्या झालेल्या हजारो .303 मग पोलीस, होमगार्ड, रेल्वे पोलीस आणि एनसीसीकडे आल्या. पुन्हा तेच झालं: एकाने उतरवलेलं दुसऱ्याच्या अंगावर.

आमच्या पिढीतल्या अनेकांची तिच्याशी ओळख एनसीसीतली. नेमबाजीला हलकी पॉइंट टू टू, पण परेडला हीच. सलामी शस्त्रच्या वेळी हातांची होणारी थरथर लपवायची कशी, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ज्यांना ती खरोखर चालवायला मिळाली त्यांना सांगितलं जाई की कुंदा खांद्यात घट्ट रुतवून धर. न ऐकणाऱ्याचा खांदा आठवडाभर निळा राही. मग साफसफाई: पुलथ्रूच्या दोरीला चिंदी बांधायची, नळीतून ओढायची, नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. पुलथ्रू आणि तेलाची छोटी बाटली कुंद्याच्या बुडातल्या पितळी झाकणाआड बसलेली असे. लाकडाला जवसाचं तेल. हा वास कित्येकांच्या डोक्यात परेड मैदानाशी कायमचा बांधला गेला आहे. आणि गावोगावी हुतात्मा जवानाच्या किंवा पोलिसाच्या अंत्ययात्रेत हवेत झाडलेल्या तीन फैरींचा आवाज, तोही कित्येक वर्षं बहुतेक हिचाच.

या जिव्हाळ्याची मला अडचण वाटते ती 26 नोव्हेंबर 2008 मुळे. त्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अजमल कसाब आणि इस्माईल खान या दहशतवाद्यांच्या हातात एके-47 होत्या, 30 गोळ्यांच्या मॅगझीनच्या. समोरच्या पोलिसांपैकी काहींकडे काठ्या होत्या, काहींकडे थ्री नॉट थ्री. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी एका सहकाऱ्याच्या हातातली रायफल ओढून घेतली, गोळ्या झाडल्या, आणि मग हाताला लागलेली खुर्ची फेकून मारली. स्थानकात 50 हून अधिक माणसं मेली. नंतर चर्चा झाली ती रायफल किती जुनाट, याची. ती जुनाट होतीच. पण नेमाने मारलेली .303 ची गोळी आजही माणूस आडवा करते. प्रश्न हा होता की तिच्यामागच्या माणसाला वर्षभरात सरावाला किती गोळ्या मिळाल्या होत्या, आणि त्याच्या हाती काय द्यायचं हे ठरवणाऱ्यांनी शेवटचा विचार कधी केला होता. जुनी वस्तू आवडीने जपणं वेगळं आणि दुसरं देण्याचं कोणाला सुचलं नाही म्हणून तीच चालू ठेवणं वेगळं. आपल्याकडे थ्री नॉट थ्री बहुधा दुसऱ्या कारणाने टिकली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला रीतसर निरोप दिला तो 26 जानेवारी 2020 च्या संचलनात. तिथे ती 1945 पासून होती.

घरात मात्र ती कधी आलीच नाही. सैन्याच्या मापाची गोळी सामान्य नागरिकाला मिळू नये हे धोरण इंग्रजांचं, आणि आपल्या कायद्यानेही .303 निषिद्ध बोअर ठरवला. म्हणून इशापूरने तिची एक नागरी बहीण काढली, .315 बोअरची. बोल्ट जवळजवळ तोच, गोळी वेगळी. परवानाधारक शेतकऱ्याच्या घरात आजोबांची म्हणून जी रायफल दाखवतात, ती अनेकदा ही असते. तिचेही दिवस अवघड झालेत: 2019 च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, वारसाहक्काने आलेलं धरून. निवडणुका आल्या की अनेकांना ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, आणि पावती सांभाळून ठेवावी लागते.

कॅनडात मात्र ती घरीही राहिली. तिथल्या उत्तर टोकाला, बर्फाळ वस्त्यांत गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सकडे 1947 पासून ही रायफल होती. कडाक्याच्या थंडीत अडकत नाही आणि ध्रुवीय अस्वल समोर आलं तर पुरेशी पडते, म्हणून. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा सरकारने नवी रायफल दिली आणि जुनीबद्दल ठरवलं की ज्याच्याकडे वैध परवाना आहे त्याने ती स्वतःकडे ठेवावी. आपल्या हवालदाराला असं विचारण्याचा प्रश्नच येत नाही. त्याने निवृत्तीच्या दिवशी वहीत शेवटची सही करायची, आणि रायफल कोतमध्ये ठेवून घरी जायचं.